डाव्या बाजूच्या काचा

खांद्यावरचा रुमाल ओला करून चुनीलाल आबांनी गाडीची काच पुसली. काच वाळली आणि डाग जसेच्या तसे वर आले. बारीक, पांढरे, मोहरीच्या दाण्याएवढे. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, पण फक्त डाव्या बाजूला. उजव्या बाजूच्या काचांवर काही नव्हतं.

आबा शेडमध्ये उभे राहून बघत राहिले. तापीकाठच्या गावात जन्मभर शेती केलेल्या माणसाला पांढरा डाग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोअरचं पाणी वाळलं की मागे क्षार उरतो. ठिबकच्या नळ्या त्यानंच बुजतात, हंड्याच्या बुडाशी तोच थर धरतो. तेव्हा काचेवर बोअरचं पाणी पडलं होतं हे नक्की. ते आलं कुठून, हे कळत नव्हतं. वर पत्रा होता. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. आणि गाडी तर शेडबाहेर निघतच नव्हती. आबांनीच तसं सांगून ठेवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको, अनुसयाबाई, गेली. त्या दिवशी आबा आणि मुलगा धर्मेंद्र सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेले होते. घ्यायचा नव्हता, बघायचाच होता. यात्रेत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून बापलेक मोटारसायकलवर गेले आणि गाडी घरासमोर खळ्यात राहिली. घरी सासू आणि सून. दुपारी अनुसयाबाई छाती धरून खाली बसल्या. गाडी दारात, चावी खिळ्याला, आणि चालवणारं कुणी नाही. शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या अमृतची पिकअप आली. शहाद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर आबा सगळ्यांसमोर बोलले होते, "हाई गाडी तिना कामले उनी नही. आते कोनाच कामले येवाव नही."

तेव्हापासून धर्मेंद्र अधूनमधून जागेवरच इंजिन चालू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. फडकं मारायचा. तेवढंच.

आणखी एक गोष्ट होती, ती आबा कुणाला बोलले नव्हते. अनुसयाबाई खाली बसल्या तेव्हापासून अमृतची पिकअप येईपर्यंत बराच वेळ गेला होता. अमृत म्हणाला होता, बोलावणं येताच मी जेवणावरून उठून आलो. मग त्याआधी सून, कामिनी, काय करत होती? आबांनी तिला कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ते मनातून गेलंही नाही. तिनं चहा पुढे ठेवला की ते मान हलवायचे आणि कप उचलायच्या आधी तिच्या हाताकडे बघायचे. घरात जे काही हलायचं, सांडायचं, त्यामागे तिचा काही लपवायचा बेत असेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

सकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"गाडीवर पानी कोनी उडाडं?"

धर्मेंद्रनं ताटातून मान वर केली नाही. "माले काय मालूम. धूळ व्हई."

"धूळ पुसाई जास. हाई पुसात नही."

"टाकीनं पानी ठिबकनं व्हई, आबा," कामिनी ओट्यापासून म्हणाली. तिची पाठ होती.

टाकी घरावर होती आणि शेड खळ्याच्या पलीकडच्या कडेला. तिथवर ठिबकायचं तर पाण्याला पाय फुटायला हवे होते. आबा भाकरी मोडत राहिले. पण विचारलं एकाला आणि उत्तर दिलं दुसऱ्यानं, हे त्यांनी ध्यानात ठेवलं.

त्यांना पहिला संशय आला तो विक्रीचा. उन्हाळ्यात धर्मेंद्र एकदा म्हणाला होता, "उभी राहीसन भंगार व्हई जाई." जुन्या गाड्या घेणारे दलाल दोंडाईच्यापासून फिरतात. गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून कुणी गाडी बाहेर काढली असेल, बोअरवर धुतली असेल, न पुसताच आत लावली असेल. म्हणजे एक दिवस आपण शेडमध्ये जाऊ आणि तिथे नुसता तेलाचा डाग असेल. गाडी चालू नये असं त्यांना वाटत होतं, पण ती जावी असं अजिबात वाटत नव्हतं.

ते हेमकांतकडे गेले. हेमकांतचं गाड्या धुण्याचं दुकान शहाद्याच्या रस्त्याला होतं. तो नात्यातलाच, दूरचा भाचा.

"या, आबा. मोटारसायकल धुवानी का तुम्हलेच?"

"मन्हा मळ तुन्हा मशीनवर निंघाव नही. मी इचाराले ऊनू. काचवर पांढरा डाग पडनात, त्या कसाघाई निंघतस?"

"परत पडनात?" हेमकांत बोलून गेला, आणि पाण्याचा पाइप घेऊन दुसऱ्या गाडीकडे वळला.

"परत म्हंजे?"

"परत म्हंजे काय नही. सगळासना पडतस."

"तुले आधी कोनी इचारं व्हतं?"

"आबा, दिनभर शंभर लोके इचारतस." हेमकांतनं मशीन इतक्या जोरात सुरू केलं की पुढचं बोलणं त्यात बुडालं. पण माणूस चांगला होता. मशीन बंद झाल्यावर त्यानं उपाय नीट सांगितला. चायनीजच्या गाडीवर वापरतात ते पांढरं व्हिनेगर घ्या. जेवढं व्हिनेगर तेवढंच फिल्टरचं पाणी. फडकं भिजवून काचेवर चिकटवून ठेवा, लगेच घासू नका, क्षार मऊ पडायला वेळ द्या. काम सावलीत करा. विटेची भुकटी, तारेचा चोथा अजिबात लावू नका, ओरखडे जन्मभर राहतात. आणि शेवटी बोअरचं पाणी मारू नका, नाहीतर तेच डाग परत. फिल्टरच्या पाण्यानं धुवा आणि वाळायच्या आत कोरड्या कापडानं टिपून घ्या.

"ठिबकनं ॲसिड चालस का?" आबांनी सहज विचारलं. केळीच्या बागेत नळ्या साफ करायला ते तेच सोडायचे.

"नको, आबा. काचले काही नही, पन खाले उतरनं ते पट्टीनी चमक जास, रंग जास. सांगेल शे मी..." हेमकांत मध्येच थांबला. "म्हंजे, सगळासले सांगस."

आबा व्हिनेगरची बाटली घेऊन घरी आले. पण त्यांना आता डाग काढायची घाई काचेसाठी नव्हती. काच एकदा स्वच्छ झाली की पुढे पडेल तो डाग नवा असेल, आणि नवा डाग म्हणजे गाडी हलल्याचा पुरावा. शिकारी वाट झाडून ठेवतो, सकाळी पाऊल दिसावं म्हणून, तसं ते काम होतं.

त्यांनी डाव्या बाजूच्या काचांना फडकी चिकटवली आणि बाज टाकून शेडमध्ये बसून राहिले. कामिनी दोनदा दारापर्यंत आली.

"मी करू का, आबा?"

"नको."

"तुमना हात दुखतीन."

"तुले कसानी घाई?"

ती आत गेली. आबांनी फडकी सोलली, काचा टिपल्या, नखानं चाचपून पाहिल्या. काच हाताला गुळगुळीत लागली. पत्र्याखालच्या उजेडात एकही ठिपका नव्हता.

बाजाराच्या दिवशी आबा सकाळी शहाद्याला जायचे ते दुपार उलटल्यावर परतायचे. त्या दिवशीही गेले. परत आल्यावर ते घरात न जाता थेट शेडमध्ये गेले.

काचेवर डाग नव्हते. पण डाव्या दाराच्या काचेखालची चकचकीत पट्टी राखेसारखी झाली होती. तिच्याखाली दाराच्या रंगावर ओघळ उतरले होते, फिके, बोटाएवढे रुंद. आबांनी वाकून वास घेतला. नाकात झणका गेला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. ते ठिबकच्या फिल्टरच्या खोलीत गेले. ॲसिडचा कॅन जागेवर होता, पण झाकण नीट बसलेलं नव्हतं.

म्हणजे डाग पडले होते, आणि कुणीतरी ते घाईघाईनं काढले होते. बाहेरच्या माणसाला घाई नसते आणि आपल्या फिल्टरच्या खोलीत कॅन कुठे असतो तेही त्याला माहीत नसतं. शिवाय काच साफ करायला ठिबकचं ॲसिड घ्यायचं, हे केळीवाल्याच्याच घरात सुचणार.

धर्मेंद्र बागेत होता. आबा तिथेच गेले.

"कितलामा इकी ऱ्हायना?"

"काय?"

"गाडी."

धर्मेंद्रनं हातातला विळा खाली ठेवला. "आबा, मी गाडी इकी नही ऱ्हायनू. मायनी आन."

"मंग ॲसिड कोनी लावं?"

धर्मेंद्रनं विळा परत उचलला. केळीच्या पानाला पान घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुले मालूम शे," आबा म्हणाले.

"मी इकी नही ऱ्हायनू, इतलंच सांगस. बाकी माले इचारू नका."

"कामिनीले इचारू?"

"तिलेबी नका इचारू. तुम्ही तिले निस्तं इचारतस. तिना संगे बोलतस कधय?"

हे बोलून तो बांधाकडे चालायला लागला. बापाला असं बोलायची त्याची रीत नव्हती. आबा उभेच राहिले. मुलगा खोटं बोलत नव्हता, पण खरंही सांगत नव्हता. म्हणजे तो कुणाला तरी पाठीशी घालत होता. घरात तिसरं माणूस एकच होतं.

मग आबांच्या डोक्यात नको ते यायला लागलं. बाजाराच्या दिवशी घर रिकामं असतं. कामिनी कुठे जाते? तिला गाडी येत नाही, म्हणजे चालवणारा दुसरा कोणी आहे. हेमकांतला माहीत आहे. धर्मेंद्रला माहीत आहे. पाराजवळून जाताना परवा माणसं बोलायची थांबली होती, ती का थांबली? सगळं गाव एकीकडे आणि आपण एकटे एकीकडे. अनुसयाबाई असत्या तर एका वाक्यात छडा लावला असता. त्या थेट विचारायच्या. आबांना ते कधी जमलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला ते निघाले, पण शहाद्याला गेले नाहीत. त्यांनी डागांचा विचार करून ठेवला होता. पाइपनं गाडी धुतली तर ओघळ पडतात. रेनपाइपच्या, म्हणजे भोकाभोकाच्या नळीच्या, थेंबाचा डाग हरभऱ्याएवढा पडतो. मोहरीएवढा डाग फक्त फवाऱ्याचा, तोही शेडनेटमधल्या धुक्यासारख्या फवाऱ्याचा, जो वाऱ्यानं जाळीबाहेर येतो. पंचक्रोशीत असे फवारे एकाच ठिकाणी होते. प्रमिलाबाईंच्या रोपवाटिकेत.

प्रमिलाबाई पन्नाशीच्या. नवरा वारल्यावर त्यांनी पपईच्या आणि मिरचीच्या रोपांची नर्सरी काढली होती. स्वतःची पिकअप स्वतः चालवायच्या आणि ट्रे घेऊन थेट अक्कलकुव्यापर्यंत जायच्या. त्यांच्याकडे कामाला माणसं होती, जाणारे-येणारे ड्रायव्हर होते. आबांनी एकेकाचा चेहरा आठवून पाहिला आणि मोटारसायकल नर्सरीच्या अलीकडे निंबाखाली लावली.

तारेच्या कुंपणापलीकडे त्यांची गाडी होती.

ती शेडनेटला वळसे घालत होती, अगदी हळू, बैलाच्या चालीनं. जाळी कायम डाव्या हाताला. जाळीतून धुकं येऊन काचांवर बसत होतं. कोपऱ्यावर गाडीनं आचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. आबा फाटकातून आत गेले. चालवणाऱ्याच्या जागेवर कोण पुरुष बसलाय हे बघायला त्यांनी उजव्या खिडकीशी जाऊन वाकून पाहिलं.

तिथे कामिनी होती. दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलेलं, कपाळावर घाम. शेजारी प्रमिलाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

कामिनीनं आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग ब्रेकवरचा पाय काढला. गाडी वीतभर पुढे सरकली.

"ब्रेक, बाई, ब्रेक," प्रमिलाबाई म्हणाल्या. "सासरा उना म्हनीसन गाडी सोडी देवानी नही." मग त्या आबांकडे वळल्या. "या, भाऊ. येवाले भलता येळ लावा. मी म्हने, हाऊ मानूस पहिलाच डागले येई."

"तुम्हनी माले सांगाले पाहिजे व्हतं."

"सांगं असतं ते तुम्ही व्हय म्हंता का?"

कामिनी खाली उतरून दाराला टेकून उभी राहिली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची कातडी सोलवटलेली होती. ॲसिडनं.

"हातले काय लावं?" आबांनी विचारलं.

"खोबरेल."

"काच धुवाले ॲसिड लेतस का कोनी? हेमकांतनी सांगं व्हतं ना तुले?"

"व्हिनेगर तुम्ही सगळं सरायी टाकं व्हतं," ती म्हणाली. "अन तुम्ही येवाना टाइम व्हई जायेल व्हता."

प्रमिलाबाई शेंगांची टरफलं झटकत उतरल्या आणि काही न बोलता जाळीच्या आत गेल्या. फवारे चालू होते. आबांच्या चष्म्यावर बारीक पाणी बसत होतं, पण त्यांनी तो पुसला नाही.

"त्या दिनले," ते म्हणाले, आणि थांबले. अकरा महिने जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते आता बाहेर काढायचं होतं. "त्या दिनले माय खाले बठनी. अमृत उशिरा ऊना. तोलोंग तू काय करी ऱ्हायंती?"

कामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्याकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"पहिले तुम्हले फोन लावा. तुम्ही उचला नही. त्यासले लावा, त्यासनीबी नही."

आबांना ते माहीत होतं. यात्रेत भोंगे वाजत होते. फोनवर तिचं नाव कितीदा तरी आलेलं त्यांनी नंतर पाहिलं होतं, आणि ती गोष्ट बाजूला सारून ठेवली होती.

"मंग मी मायले धरीसन गाडीमा बसाडं," ती म्हणाली. "मी चावी फिराई. माले वाटनं, जमी जाई. रोज देखस ना मी तुम्हले चालाडतांना. गाडीनी उडी मारी अन बंद पडनी. परत फिराई, परत बंद. क्लच दाबना पडस, हाई माले माहीत नव्हतं. माय म्हने, ऱ्हाऊ दे, पोरी, कोनले तरी बलाव. मी म्हनू, एक डाव, माय, आते व्हई. तठेच येळ गया. मंग पयत अमृतभाऊकडे गयू."

ती रडली नाही. सांगून झाल्यावर ती सोलवटलेली बोटं पदराच्या टोकात गुंडाळत राहिली.

"हाई तू कोनले सांगं?"

"त्यासले. गया महिनामा."

आबा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. त्यांना कुठेतरी बघायला हवं होतं म्हणून ते डाव्या काचेकडे बघत राहिले. काचेवर ताजे थेंब वाळायला लागले होते. अकरा महिने त्यांनी या पोरीला आरोपी करून ठेवलं होतं, कारण ती आरोपी नसेल तर मग यात्रेतले ते घोडे उरत होते आणि खिशात वाजणारा फोन. अनुसया त्या दिवशी याच गाडीत बसली होती हेही त्यांना आज कळत होतं. "ऱ्हाऊ दे, पोरी." हे तिचेच शब्द होते, यात शंका नव्हती. कुणी रचून सांगितले असते तर ते इतके साधे नसते.

त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले.

"चाल," ते म्हणाले.

"घर?"

"शहादा. दवाखानालोंग."

"आबा, मी रस्तावर नही चालाडी अजून. घरथून आठे प्रमिलाबाईच लई येतस."

"मी शे ना."

कामिनी बसली. गाडी पहिल्यांदा बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. फाटकातून जाताना जाळीआडून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "दुसरा गिअर टाकजो, बाई, नही ते लोके समजतीन वरात चालनी."

रस्त्याला लागल्यावर आबा पुढच्या सीटला धरून ताठ बसले. त्यांचा विश्वास अजून बसला नव्हता. समोरून उसाची ट्रॉली आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा ट्रॉली मागे गेली होती. एका वळणावर गाडी बंद पडली आणि मागच्या टेम्पोनं भोंगा वाजवला. तू सरक, मी घेतो, असं आबांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. कामिनीनं क्लच दाबला, चावी फिरवली. टेम्पोवाला बाजूनं जाताना काहीतरी बोलला. तिनं तिकडे पाहिलं नाही.

अनुसयाला घेऊन पिकअप याच रस्त्यानं गेली असणार. रस्ता लांब होता. चालवणारा पट्टीचा असता तरी लांबच होता. आबांनी मनात हिशेब करायचा प्रयत्न केला, आणि तो कुठेच पोचेना म्हणून सोडून दिला. तिला वेळेवर आणता आलं असतं की नसतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कामिनीलाही नाही आणि त्यांनाही नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. कामिनीनं हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पोचनूत," ती म्हणाली.

"व्हय," आबा म्हणाले. मग फाटकाकडे बघत, "चांगली चालाडी."

तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार काठी आपटत आला. "ओ ताई, इथं लावू नका. ॲम्ब्युलन्सची जागा आहे. मागे घ्या, मागे घ्या."

कामिनीनं आरशात आबांकडे पाहिलं.

"आबा, तुम्ही या पुढे. माले रिव्हर्स येस नही."

"शिकाडं नही का प्रमिलाबाईनी?"

"अजून नही."

आबा मागच्या सीटवरून हलले नाहीत. त्यांनी काच खाली केली आणि रखवालदाराला हातानं थांबायची खूण केली.

"मंग आठेच शिक," ते म्हणाले. "क्लच दाब. घाई करू नको. हाऊ थांबी."